सावर बिअर आवडायला आधी शब्द पाठ करावे लागतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर क्राफ्ट बिअर पिणं चालू आहे, आयपीए आणि स्टाउट आता ओळखू येतात, पण लेबलवरचे 'ब्रेट', 'मिक्स्ड कल्चर', 'केटल सावर', 'फंक' हे शब्द डोक्यावरून जातात. पहिली ग्यूझ (बेल्जियमची एक आंबट बिअर) घेतली तर ती चक्क खराब झालेली वाटली. मग आधी शब्द पाठ करावेत की नुसतं पीत राहावं? असली आंबट बिअर (लेबलवरची 'सावर') लोकांना आवडते तरी कशी? आणि बिअरची एखादी परीक्षा द्यावी का?

पाठ करू नका. यादी पाठ करून आलेली मंडळी टेस्टिंगच्या टेबलावर लगेच ओळखू येतात. ग्लास नाकापर्यंत पोचायच्या आत त्यांचं 'बार्नयार्ड, लेदर' सुरू झालेलं असतं. शब्द आणि चव बरोबरच शिकायची, आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हे आलं कुठून? मॉल्टमधून (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्टमधून, बॅक्टेरियामुळे, लाकडातून, की कुणाच्या हलगर्जीपणातून? ज्या शब्दाला याचं उत्तर देता येतं तो कामाचा. ही सवय लावायला सावर बिअर फार सोयीची, कारण तिच्यात हॉप्स बहुतेक वेळा गप्प असतात आणि एरवी त्यांच्या आड लपणारे बाकीचे सगळे उघडे पडतात.

आधी लेबलचा गुंता सोडवू. त्यावर चार जातींचे शब्द एकत्र कोंबलेले असतात. एबीव्ही (अल्कोहोलची टक्केवारी), आयबीयू (कडवटपणा), प्लेटो (आंबवण्याआधीची साखर) ही मापं. गोझ, ग्यूझ, फ्लँडर्स रेड या शैली. केटल सावर, ड्राय हॉप, बॅरल एज्ड, स्पॉन्टेनियस या कृती. आणि टार्ट, फंकी, ज्युसी हे चवीचे शब्द, जे बऱ्याचदा जाहिरातीचेच असतात. मापांपैकी आयबीयू म्हणजे हॉप्समधल्या कडवट आयसो-अल्फा आम्लांचं प्रमाण, ढोबळमानाने लिटरला मिलिग्रॅममध्ये. आंबट बिअर निवडताना त्याचा जवळपास काही उपयोग नाही. पीएच छापलेला असेल तर तो बघा, पण त्यावरही फार विसंबू नका. साध्या लागरचा पीएच सव्वाचार-साडेचारच्या आसपास असतो, सावर बिअर ३ ते ३.६ मध्ये कुठेतरी. मात्र जिभेला जाणवणारा आंबटपणा पीएचपेक्षा एकूण आम्ल किती आहे यावर जास्त ठरतो, आणि उरलेली साखर तो झाकते. एकाच पीएचच्या दोन बिअरपैकी एक दात आंबवते आणि दुसरी सरबतासारखी उतरते, त्यामागे हेच आहे.

गोझ आणि ग्यूझ या जोडीत नव्या माणसाची हमखास गफलत होते. गोझ जर्मनीची, गोस्लारमध्ये जन्मलेली आणि लाइपझिगमध्ये नावारूपाला आलेली: गव्हाची, हलकी, त्यात मीठ आणि धणे. १९६६ मध्ये ती बनवणारी शेवटची ब्रूअरी बंद पडली आणि १९८० च्या दशकात तिचं पुनरुज्जीवन झालं. ग्यूझ बेल्जियमची, ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेच्या पायोटनलांड भागातली, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेल्या लॅम्बिकचं (हवेतल्या यीस्टवर आपोआप आंबणाऱ्या बिअरचं) मिश्रण. नावं कानाला सारखी वाटतात, पण ग्लासमध्ये त्यांचं एकमेकींशी काही नातं नाही. तुम्ही गोझऐवजी थेट ग्यूझने सुरुवात केली, म्हणजे पोहायला शिकायच्या पहिल्याच दिवशी समुद्रात उतरलात.

आता आंबटपणाकडे वळू. 'आंबट' एवढं म्हणून भागत नाही. कोणतं आम्ल, हे सांगता आलं पाहिजे. बिअरमध्ये मुख्य दोन: लॅक्टिक आणि अॅसेटिक. लॅक्टिक म्हणजे दह्याचा आंबटपणा, गोलसर, जिभेवर पसरणारा, नाकाला जवळपास न कळणारा. अॅसेटिक म्हणजे व्हिनेगर. तो आधी नाकात शिरतो, मग घशाशी टोचतो. फळं घातलेल्या बिअरमध्ये लिंबाचं सायट्रिक आणि हिरव्या सफरचंदाचं मॅलिकही भेटतं. हे वाचून कळणार नाही, करून बघावं लागतं, आणि ते घरी तासाभरात होतं.

साधी, कमी कडवट लागर घ्या. प्रत्येकी अर्ध्या लिटरचे चार वाटे करा आणि एक तसाच ठेवा. दुसऱ्यात खाद्य दर्जाचं ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल २ मिली घाला. लिटरला साधारण ४ ग्रॅम आम्ल झालं, म्हणजे बऱ्यापैकी आंबट केटल सावर. हे बाटलीतलं आम्ल तीव्र असतं, तेव्हा सिरिंजने मोजूनच घाला आणि हाताला-डोळ्याला लागू देऊ नका. तिसऱ्यात ५ टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर १० मिली, म्हणजे लिटरला १ ग्रॅम अॅसेटिक. चौथ्यात २० मिली ताजा लिंबाचा रस. आधी फक्त वास घ्या. तिसरा ग्लास लगेच ओळखू येईल, आणि आम्ल चौपट असूनही दुसरा नाकाला जवळजवळ पहिल्यासारखाच लागेल. मग एकेक घोट घ्या, मध्ये पाणी प्या. त्यानंतर दुसऱ्या ग्लासात अर्धा चमचा साखर ढवळून पुन्हा चाखा. आम्ल तेवढंच आहे, पण बिअर एकदम ओळखीची वाटायला लागते. बाजारातल्या अर्ध्या फ्रूट सावरचं गुपित या अर्ध्या चमच्यात आहे.

याच बैठकीत आंबट, कडू आणि तुरट वेगळं करायला शिका, कारण गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं. कडू मागाहून येतं आणि गिळल्यावरही रेंगाळतं. तुरट ही मुळात चवच नाही. ओठ आणि हिरड्यांमध्ये कोरडा खरखरीतपणा येतो, जीभ टाळूवर घासली जाते. बॅरलचं लाकूड, फळांच्या साली आणि बिया यांतलं टॅनिन हे काम करतं. लोक ज्याला 'फारच आंबट' म्हणतात, त्यातल्या बऱ्याच बिअर आंबट कमी आणि तुरट जास्त असतात. कडू आणि आंबट यांचं तर सहसा पटतच नाही, एकमेकांना धार लावतात. म्हणून आंबट बिअर बनवणारा हॉप्स जपून वापरतो. तांत्रिक कारणही आहे: लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या लॅक्टोबॅसिलस या बॅक्टेरियाच्या बहुतेक जातींना हॉप्समधली आम्लं सोसत नाहीत.

आंबटपणा येतो कसा, याचे ढोबळ दोन रस्ते. पहिला झटपट, केटल सावरचा. वर्ट (धान्यातून काढलेलं गोड पाणी) तयार केलं, उकळून निर्जंतुक केलं, ३५ ते ४५ अंशांवर आणलं, लॅक्टोबॅसिलस सोडला, वरून हवा लागणार नाही अशी सोय केली आणि एक-दोन दिवस थांबलं. पीएच हवा तिथे आला की पुन्हा उकळून बॅक्टेरिया मारायचे, मग नेहमीचं यीस्ट. आंबटपणा नेमका आणि स्वच्छ मिळतो, ब्रूअरीत बॅक्टेरिया पसरत नाहीत. आजच्या बहुतेक बर्लिनर वायसे (बर्लिनची गव्हाची आंबट बिअर) आणि गोझ अशाच बनतात. काही जाणकार केटल सावरला नाकं मुरडतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. नीट बनवलेली केटल सावर ही लॅक्टिक आम्ल शिकायची उत्तम जागा आहे. तिच्यात खोली नसते हे खरं, पण तिने तो दावा केलेलाही नसतो.

दुसरा रस्ता वेळखाऊ, यीस्ट आणि बॅक्टेरिया एकत्र कामाला लावणारा, म्हणजे लेबलवरचं 'मिक्स्ड कल्चर', आणि लॅम्बिक हे त्याचं टोक. साधारण ३० ते ४० टक्के मॉल्ट न केलेला गहू आणि बाकी बार्लीचा मॉल्ट. मॅश (धान्य गरम पाण्यात मुरवणं) मुद्दाम असा करतात की वर्टमध्ये साध्या यीस्टला न पचणारे लांब साखळीचे पदार्थ भरपूर उरतील. ते पुढच्या जिवांसाठी राखून ठेवलेलं अन्न. हॉप्स घालतात तेही वर्ष-दोन वर्षं जुने. त्यांचा कडवटपणा बराचसा गेलेला असतो, ताजा सुगंधही उरलेला नसतो, पण नको त्या बॅक्टेरियांना आवरायची ताकद शिल्लक असते. कित्येक तास उकळून हे वर्ट कूलशिप नावाच्या उथळ, पसरट, उघड्या टाकीत रात्रभर निवायला ठेवतात. ब्रूअर यीस्ट घालतच नाही. हवेतून आणि मग पिंपांच्या लाकडातून जे येईल ते. म्हणूनच हे काम थंडीच्या महिन्यांतच, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्याच्या हवेत भलतेच पाहुणे फार.

मग पिंपात पाळ्या लागतात. पहिल्या काही आठवड्यांत एंटेरोबॅक्टेरिया, त्यांचा वास कुणाला सांगण्याजोगा नसतो. त्यानंतर सॅकरोमायसिस, म्हणजे ओळखीचं यीस्ट, मुख्य अल्कोहोल बनवतं. मग हवा तापली की पेडिओकॉकस हा बॅक्टेरिया सावकाश लॅक्टिक आम्ल तयार करतो. मधल्या काळात बिअर कधीकधी तेलासारखी तार धरते. असल्या बिअरला 'सिक' म्हणतात आणि ती बरी व्हायची वाट बघतात. बरी करतो तो ब्रेटानोमायसिस, म्हणजे लेबलवरचा 'ब्रेट', एक रानटी यीस्ट. पेडिओकॉकसने मागे सोडलेला चिकटा आणि लोण्यासारख्या वासाचा डायअॅसिटिल तो साफ करतो, उरलेल्या लांब साखळ्या सावकाश खात राहतो आणि आपले वास सोडतो.

हा ब्रेट सावर बिअरच्या चर्चेतला सर्वांत गैरसमज झालेला प्राणी. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये त्याची ओळख जाहीर केली, तीही मुरवलेल्या इंग्लिश बिअरच्या संदर्भात. ब्रेट म्हणजे आंबट, हे समीकरण डोक्यातून काढा. तो लॅक्टिक आम्ल बनवत नाही. भरपूर हवा मिळाली तर अॅसेटिक बनवतो, एवढंच. ऑर्व्हाल ही बेल्जियमच्या मठातली बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेट घालतात, आणि ती आंबट नाही. ब्रेटची खरी देणगी वासाची: घोड्याचं खोगीर, ओलं गवत, चामडं, थोडा धूर, कधी अननस. खोगिरामागे मुख्यतः ४-इथाइलफिनॉल, धूर आणि मसाल्यामागे ४-इथाइलग्वायाकॉल. 'फंकी' हा शब्द या सगळ्यांवर एकच पांघरूण घालतो, म्हणून माझा त्यावर राग आहे. कुणी 'फंकी' म्हटलं की विचारा, खोगीर की फळ? उत्तर देताना माणूस पुन्हा ग्लासमध्ये नाक घालतो, आणि तेवढ्यासाठीच हा प्रश्न.

ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचं मिश्रण. तरुण लॅम्बिकमध्ये साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा आंबवण होऊन बुडबुडे येतात. जुनी लॅम्बिक वास आणि खोली देते. ब्लेंडरचं कसब इथे लागतं. लेबलवर 'औड' किंवा 'व्हिएय' शोधा. हे शब्द १९९७ पासून युरोपीय संघाच्या संरक्षणाखाली आहेत आणि त्यात किमान ३ वर्षं मुरलेली लॅम्बिक असावीच लागते. नुसतं 'ग्यूझ' लिहिलं असेल तर आतली बिअर गोड केलेली असू शकते. चेरीची क्रीक आणि रासबेरीची फ्रांबवाझ घेतानाही हेच पाहा.

प्यायचा क्रम काय ठेवावा? बर्लिनर वायसे किंवा गोझपासून सुरुवात करा. अल्कोहोल कमी, आम्ल स्वच्छ, गव्हाचा मऊपणा. बर्लिनर वायसेत रासबेरीचं किंवा वुडरफ या सुगंधी वनस्पतीचं सिरप घालून प्यायची बर्लिनची जुनी रीत आहे. त्यात कमीपणा मानू नका, तुमच्या अर्ध्या चमचा साखरेचाच तो भाऊ. तिथून फ्लँडर्स रेड, बेल्जियमची तांबडी आंबट बिअर. ज्यांना रेड वाइन आवडते त्यांना तर मी थेट इथूनच सुरुवात करायला सांगतो. रोडनबाख, बेल्जियमच्या रुसलारामधली, फूडर नावाच्या प्रचंड लाकडी पिंपांत मुरते. तिच्या साध्या बाटलीत तरुण बिअर जास्त, ग्रां क्रूमध्ये जुनी जास्त. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्यात तर मुरण्याने काय होतं हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल: साध्या बाटलीतला गोडवा ग्रां क्रूमध्ये आटतो, चेरीसारखा वास गडद होतो, आणि मागे अॅसेटिकची बारीक कड दिसते. ही कड या शैलीत चालते, गोझमध्ये चालत नाही. त्यानंतर क्रीक, आणि मग पुन्हा ग्यूझ.

ग्यूझ उघडताना घाई नको. बाटली आडवी ठेवलेली असेल तर तशीच हळू उचला, म्हणजे गाळ ढवळणार नाही. फ्रिजमधून काढून थोडी थांबू द्या. १० ते १२ अंश बरे. फार थंड बिअरमध्ये वास दबतो आणि नुसती आम्लाची धार उरते. तुमची पहिली ग्यूझ अशी गारेगार असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या घोटावर मत बनवू नका. तो घोट तोंडाला फक्त बातमी देतो, लाळ सुटते, कार्बन डायऑक्साइडची टोच बसते. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला आम्ल मागे सरकतं आणि लिंबाची साल, गवत, ओलं लाकूड, थोडा मध असं काहीबाही पुढे येतं. एका बैठकीत दोन-तीन सावरपलीकडे जाऊ नका. जीभ थकते आणि मग सगळंच सारखं लागतं.

'खराब झालेली वाटली' हा भाग गंभीरपणे घ्यायला हवा, कारण सावर बिअर खराब होऊ शकते आणि होतेही. 'ही अशीच असते' हे वाक्य बिअर विकणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास म्हणजे इथाइल अॅसिटेट. अगदी किंचित असेल तर फळासारखा भासतो, उग्र असेल तर हवा शिरलेली आहे. ओकारीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, केटल सावरमधल्या अस्वच्छतेची खूण. ग्यूझमध्ये लोण्याचा वास राहिला असेल तर घाईने भरली. आणि एक चकवा: वासात काहीच नाही, घोटही ठीक, पण गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा ओल्या बिस्किटासारखी चव येते. हे टीएचपी (टेट्राहायड्रोपिरिडीन) गटातले पदार्थ. बिअरच्या आम्लात ते उडत नाहीत, म्हणून नाकाला कळत नाहीत. लाळेने तोंडातला पीएच वर गेला की जाणवतात. काहींना ते अजिबातच जाणवत नाहीत, त्यामुळे टेबलावर यावरून वाद हमखास.

एकच वास एका शैलीत गुण आणि दुसरीत दोष, हेही असतंच. लवंगेचा वास बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवा, लागरमध्ये नको. म्हणून आधी वासाला नाव, मग कारण, आणि चांगलं-वाईट सगळ्यात शेवटी. बिअरच्या चवीचे अभ्यासक मॉर्टन माइलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं चक्र आखलं ते याच गरजेतून: निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या माणसांनी एका वासाला एकच शब्द वापरावा. ते चक्र समोर ठेवायला हरकत नाही, पण ग्लास प्यायल्यानंतर उघडा. आधी उघडलंत तर त्यातलं जे वाचाल ते ग्लासात सापडेल.

नोंदी ठेवायच्या तर तीन ओळी पुरेत. वासात काय, आंबटपणा कोणता आणि त्याला आधार कशाचा, साखर, फळ, मीठ की लाकूड, गिळल्यावर काय उरलं. 'छान', 'बॅलन्स्ड', 'कॉम्प्लेक्स' हे शब्द महिनाभर बंद ठेवा. आणि अधूनमधून कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोन सारखे आणि एक वेगळा, कोणता कुठला ते तुम्हाला न सांगता. वेगळा ओळखता आला नाही तर त्या दोन बिअरमधल्या फरकावर लिहिलेलं सगळं खोडा.

परीक्षा द्यावी का, असंही विचारलंय. बिअर देण्या-विकण्याच्या कामात असाल तर सिसेरोन, घरी ब्रू करत असाल किंवा स्पर्धांचं परीक्षण करायचं असेल तर बीजेसीपी, म्हणजे बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारा कार्यक्रम. नुसतं पिण्यासाठी दोन्हींची गरज नाही. बीजेसीपीची २०२१ ची शैलीपुस्तिका मात्र मोफत मिळते, ती जरूर उतरवून घ्या. युरोपियन सावर २३ व्या विभागात आहेत आणि गोझसुद्धा आता तिथेच आहे, आधी ती ऐतिहासिक बिअरच्या विभागात होती. अमेरिकन वाइल्ड एल २८ व्या विभागात. आधी फक्त २३ वाचा. २८ मधल्या बिअर इतक्या मोकळ्या आहेत की ब्रेट, लॅक्टिक आणि लाकूड स्वतंत्रपणे ओळखता येईपर्यंत त्या वर्णनांतून फारसं हाती लागणार नाही.